दहा पूर्णांक चार

टप.

फरशीवर थेंब पडला, आणि मग सारिकाच्या लक्षात आलं की त्याच्या आधी काहीच ऐकू येत नव्हतं. एरवी या बंद बंगल्यात पाऊल टाकलं की स्वयंपाकघरातून फ्रीजची घरघर यायची — दुपारी झोपलेल्या म्हाताऱ्या माणसासारखी, मधेच थांबणारी, पुन्हा सुरू होणारी — आणि त्या घरघरीवर भरवसा टाकून ती सोमवार ते गुरुवार निर्धास्त असायची. आज ती नव्हती. फ्रीजच्या दाराखालून पाण्याचं एक थारोळं तेवढं पुढे सरकलं होतं. त्यात दुसरा थेंब पडला.

तिने भिंतीवरचं बटण दाबून पाहिलं. दिवा लागला नाही. मग फ्रीजचं दार उघडलं — दोन्ही मनगटं हँडलच्या फटीत अडकवून, कोपरांपासून मागे झुकून, कारण सकाळचे नऊ म्हणजे तिच्या बोटांची वेळ अजून झालेली नसते — आणि आतून कोंदट, गोडसर हवा तोंडावर आली. गेल्या रविवारच्या पाहुण्यांच्या अर्ध्या बाटल्या, सुकलेलं लिंबू, आणि खाली भाजीच्या ट्रेमध्ये, वर्तमानपत्राखाली, तिचा डबा. डब्यात खोकं. खोक्यावर ठिपका.

ठिपका पांढरा असायला हवा होता. 'पांढरा आहे तोवर औषध चांगलं,' पुण्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'निळा झाला की औषध गेलं. टोचायचं नाही, परत आणायचं.' पाच महिने, एक गुरुवार सोडून एक, ती इथे येऊन आधी ठिपका बघायची आणि मग सुई. आज तो निळा होता. फिकट नव्हे, संशयाला जागा ठेवणारा नव्हे. मतदानाला बोटाला लावतात तसा. तिने खोकं दाराशी नेऊन ऑक्टोबरच्या उन्हात धरलं, उलटं करून पाहिलं... जसा काही मागच्या बाजूने तो पांढरा असेल.

आज टोचायचा दिवस. आणि पुढच्या बुधवारी पुन्हा मोजायचं होतं.

मोजायचं! आयुष्यात तिची किती मापं घेतली गेली — लग्नाच्या वेळी उंची, बाळंतपणात वजन, ब्लाउजच्या बाह्या — पण हे माप असं, की ते घेताना उताणं पडून छताकडे बघत राहावं लागतं. अंगात हिरवा झगा. पेन्सिलीएवढं एक यंत्र आधी मानेवरच्या नाडीला टेकवतात, मग जांघेतल्या. हृदयाने ठोका दिला की त्याची लाट मानेत कधी पोचली आणि जांघेत कधी, एवढंच ते बघतं. दवाखान्यातल्या डॉक्टर अनघा मॅडमनी समजावून सांगितलं होतं — त्या सगळंच समजावून सांगतात, खुर्ची पुढे ओढून, शेजारणीसारख्या. "रक्तवाहिनी मऊ असली की लाट वाटेत रेंगाळते. ताठ असली की सुसाट जाते."

"मग सुसाट बरंच की," सारिका हसून म्हणाली होती.

मॅडम हसल्या नव्हत्या. "तुमच्या वयाला सेकंदाला सात मीटरच्या आसपास असावी. तुमची आहे दहा पूर्णांक चार." आणि मग कागदाकडेच बघत, "तुम्ही एकतीस वर्षांच्या. तुमच्या रक्तवाहिन्या साधारण पंचावन्नच्या. हे होतं संधिवातात. सूज बोटांच्या सांध्यांत दिसते, पण ती तिथेच थांबत नाही. आत वाहिन्यांच्या भिंतींतही जाते, वर्षानुवर्षं, न दुखता. मग हृदयाला तेच काम जास्त जोर लावून करावं लागतं. या इंजेक्शनने सूज उतरली तर हा आकडाही उतरतो का, तेच आपण बघतोय. म्हणून एकही चुकवायचं नाही."

न दुखता. या शब्दावर ती तेव्हापासून अडकून होती. दुखतं ते तिला ठाऊक होतं. दुखणं म्हणजे घरातलंच माणूस झालं होतं, त्याच्या वेळा, त्याचे रुसवे तिला पाठ होते. सकाळी उठलं की बोटं मिटलेली, आणि अनू — सहा वर्षांची अनुष्का, पहिलीतली — शेजारी मांडी घालून बसायची आणि आईचं एकेक बोट उघडायची. प्रत्येक बोट म्हणजे एक स्टेशन. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. उजवा हात झाला. डाव्यावर घोरावाडी, मग बेगडेवाडी... आणि बेगडेवाडीला हमखास गाडी थांबायची. "आई, शिग्नल न्हाई," ती गंभीरपणे सांगायची, त्या बोटावर फुंकर घालायची, आणि मग देहूरोडकडे निघायची. चिंचवड येईपर्यंत पाऊण तास. तेवढ्यात चहा गार, वेणी राहिलेली, कैलास दोनदा डोकावून गेलेला. तिचं सगळं असं सावकाश. आणि या सावकाश बाईच्या आत एक गोष्ट तेवढी सुसाट धावत होती. धावू नये अशी.

हिरवळीला पाणी घालायचा पाइप बघितला की तिला ते उमजायचं. दोन उन्हाळे बाहेर पडून राहिलेला तो पाइप कडक झाला होता. नळ सोडला की फुगत नसे, थोपवून धरत नसे, पाणी थेट हिसका मारून दुसऱ्या टोकाला. ती पाइप हातात धरायची आणि तिच्या मानेपासून खाली काहीतरी सर्रकन जायचं...

कैलासला यातलं काहीच माहीत नव्हतं. हाताच्या दुखण्यासाठी ती महिन्यातून एकदा पुण्याला जाते, गोळ्या आणते, एवढंच. इंजेक्शन माहीत नव्हतं, कारण खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर मराठीत ठळक छापलं होतं, 'हृदय व रक्तवाहिनी अभ्यास', आणि कैलास बिस्किटाच्या पुड्यावरचंसुद्धा सगळं वाचणारा माणूस. ते राहायचे त्या बंगल्यामागच्या खोलीत फ्रीज नव्हता. गावातल्या, कुरवंड्याच्या घरी होता, पण तो आत्याच्या राज्यात — लीलाबाई, तिची सख्खी आत्या आणि आता सासू, जिला फ्रीजमधली वाटी सरकली तरी कळायचं. राहिला हा बंगला. मालक साहेब शहरात, भाड्याचे पाहुणे शनिवार-रविवारचे, बाकी दिवस किल्ल्या कैलासच्या करगोट्याला आणि झाडलोट तिच्याकडे. लपवायला याहून चांगली जागा कुठली. पाहुणे गेले तरी फ्रीज ती चालूच ठेवायची.

का लपवायचं, हे मात्र ती स्वतःलाही सरळ सांगत नसे. वळसा घेऊन जायची. हृदय हा शब्द त्यांच्या घरात कुणी उच्चारत नाही म्हणून... आणि तो का उच्चारत नाही, तर सविताताईमुळे.

सविताताई — कैलासची थोरली बहीण, म्हणजे सारिकाची आतेबहीण आणि नणंद — तेव्हा छत्तीस वर्षांची. हात वाकडे झाले म्हणून सासरच्यांनी 'आराम कर जरा' म्हणत माहेरी आणून सोडलेली. सारिकाच्या लग्नानंतरची ती पहिलीच आवणी. भाताची रोपं लावायचे दिवस. गावातल्या अंबाजींच्या खाचरात इर्जिक होती. इर्जिकीला घरटी एक माणूस द्यावंच लागतं; आज आपण त्यांच्या चिखलात, उद्या ते आपल्या. न देणाऱ्याच्या खाचराकडे मग कुणी फिरकत नाही. आत्याला ताप होता, सारिका नवी नवरी, कैलासला बंगल्यावर पाहुणे. तो चहाचा कप खाली ठेवता ठेवता बहिणीला म्हणाला होता, "ताई, हाताचंच दुखणं हाय ना तुझं? पाय तर धड हायेत. नुसती उभी ऱ्हा, माणूस दिसलं पायजे." साधंच बोलला होता. थट्टेत. ताई हसलीसुद्धा होती. चुलीपाशी सारिका होती. ते वाक्य ऐकणारी तिसरी कुणी नव्हती.

अकराच्या सुमारास ताई बांधावर बसली, हनुवटी दाबून धरत म्हणाली दात दुखतायत, आणि जीप येईपर्यंत आडवी झाली ती उठलीच नाही. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं. कुणी म्हणालं बाहेरचं. आत्या म्हणाली, माझ्या पोरीचं तेवढंच होतं. आणि कैलास काहीच म्हणाला नाही. आज नऊ वर्षं झाली, काहीच नाही. फक्त इर्जिकीला सारिकाचं नाव निघालं की तो कोयता उचलून आपण निघायचा, आणि रात्री कधी तिला जाग आली तर त्याचा तळवा तिच्या नाकासमोर धरलेला असायचा — श्वास बघत.

मॅडमनी फॉर्म भरताना विचारलं होतं, "रक्ताच्या नात्यात कुणी लहान वयात अचानक गेलंय? हृदयाने वगैरे?"

आणि ती म्हणाली होती, "नाही."

खोटं कुठे बोलले मी? दात दुखत होते तिचे. वारं गेलं होतं अंगावरून. हृदयाने, असं कुणी म्हणालं होतं का कधी?... पण 'हो' म्हटलं असतं तर ते वाक्य कागदावर उतरलं असतं, आणि कागदावरून कधीतरी कैलासच्या डोळ्यांपुढे. हाताचंच दुखणं, ते हातापुरतं नसतंच, हे त्याला कळलं असतं. मग चहाचा तो कप त्याला पुन्हा कधी खाली ठेवता आला नसता.

थेंब अजून पडत होता. सारिकाने फडकं टाकलं, ते पायानेच फिरवलं, आणि फोन लावला. दोनदा अंक चुकले. तिसऱ्यांदा फोनवर मॅडमच आल्या.

"निळा झालाय? बरं. घाबरू नका. ते टोचू मात्र नका हं, अजिबात. बुधवारी नवीन देते. किती दिवस फ्रीज बंद होता?"

"माहीत नाही मॅडम. सोमवारपासून असेल."

"ठीक आहे. आणि सारिका, या वेळी मिस्टरांना घेऊन या."

"ते... त्यांना वेळ नसतो हो. भातकापणी चालू आहे."

"अर्धा दिवस काढू देत. पाच महिने तुम्ही एकट्याच येताय. मला हृदयाची आणखी एक तपासणी करायचीय तुमची, त्याला घरच्यांची सही लागते. आणि सहीपेक्षा, घरात कुणाला तरी माहीत हवं. रात्री-अपरात्री काही झालं तर ते काय करतील? आणता ना?"

"आणते," ती म्हणाली. कुणीतरी दुसरंच म्हणाल्यासारखं.

फोन ठेवला आणि तिला वाटलं, चहूकडून दारं ओढून घेतल्यासारखं झालंय. आणणार म्हणजे सांगणार. इंजेक्शनचं सांगितलं की ते का, हे निघणार. का निघालं की हृदय निघणार. हृदय निघालं की मॅडम पुन्हा तोच प्रश्न त्याच्यासमोर विचारणार — रक्ताच्या नात्यात कुणी? — आणि ती त्या खुर्चीत त्याच्या शेजारी बसलेली असणार, त्याच्या हातावरचे केस उभे राहताना बघत. आणि नाही आणलं तर? बुधवारी एकटीच जाईन, म्हणेन आले नाहीत. मग तपासणी नाही. मग आत ते सुसाट...

"काय गं सारे, फ्रीजम्होरं उभी ऱ्हाऊन गार वारं खातीस व्हय?"

कैलास दारात. शर्टाला भाताची कुसळं चिकटलेली, डोक्याला टॉवेल. तिने खोकं पदराखाली घेतलं — बोटांना इतकं चपळ व्हायला तिने पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"फ्रीज बंद हाय," ती म्हणाली.

"हाय ना. सोमवारी पावनं गेलं तसा मेनच पाडला." तो फरशीवरच्या पाण्याकडे बघून चुकचुकला. "बर्फ काढायचा ऱ्हायला बघ. साहेबांचा फोन आलता. हितलं मीटर त्येंच्या मोबाईलात दिसतंय म्हनं आता. म्हनले, कैलास, बंद बंगल्यात लाईट कोन जाळतंय? मी म्हनलं, साहेब, भुतं असतील. शहरातनं आल्याली दिसतात, एसीबिगर झोपत न्हाईत." तो हसला. तीही हसली असती, पण त्याचं हसू मधेच विझलं. "म्हनले, मग भुताला सांग दुसरीकडं नोकरी बघायला."

दहा वर्षं किल्ल्या त्याच्याकडे. या घरातला एक चमचा इकडचा तिकडे झालेला नव्हता.

"मला बोलला न्हाई तुमी," ती म्हणाली.

"त्यात काय बोलायचं? तुला मग झोप लागत न्हाई." त्याने माठातलं पाणी वरून, भांडं ओठाला न लावता, घटाघट घेतलं. "उद्या दत्तोबाकडं इर्जिक हाय, कापणीची. मी जाईन. तू अनूला बघ."

आता. आता सांगावं. अहो, ते भूत मीच — एवढंच वाक्य. हलकं, त्याच्याच थट्टेच्या सुरात. पुढचं आपोआप येईल. तिने तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते तिचं नव्हतंच; ते नऊ वर्षं चुलीपाशी जपून ठेवलेलं होतं.

"मीच जाते की उद्या. पाय तर धड हायेत माझं."

भांडं त्याच्या हातात तसंच राहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या पलीकडे, उघड्या फ्रीजमध्ये, सुकलेल्या लिंबाकडे बघत होता. तिला वाटलं तो आता विचारेल, तुला आठवतंय? किंवा ओरडेल. त्याने भांडं माठावर पालथं घातलं, नीट, आवाज न करता.

"तू न्हाई," तो म्हणाला. आणि बाहेर जाऊन नळ सोडला, पाय धुवायला लागला, धुतलेलेच पुन्हा धुतले. बऱ्याच वेळाने तिकडूनच हाक आली, नेहमीच्या आवाजात: "बुधवारी पुन्याला जायचंय न्हवं तुला? टेशनावर सोडतो."

"व्हय," ती म्हणाली. चला की संगं, हे तीन शब्द जिभेच्या टोकाशी येऊन, बसायला जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखे, उभे राहिले आणि परत गेले. मोटारसायकलचा आवाज कुरवंड्याच्या दिशेने लांब गेला.

म्हणजे त्याला ते वाक्य आठवतं. शब्दन् शब्द. नऊ वर्षं ती समजत होती की ते फक्त आपल्यापाशी आहे, आपण झाकून धरलंय, त्याला झळ लागू दिली नाही... आणि तो त्याच वाक्यासोबत रोज जेवत होता, तिच्या शेजारी निजत होता, तळवा तिच्या नाकाशी धरत होता. मग मी सांभाळत होते ते कुणाला? त्याला, की मला? दोघं एकाच गोष्टीवर दोन्हीकडून पाठ टेकून बसल्यासारखे, आणि मधे ती गोष्ट, भिंतीसारखी घट्ट.

दुपारी शाळा सुटली तेव्हा ती मागच्या पायरीवर बसली होती. खोकं मांडीवर उघडंच होतं. लपवायचं तिला सुचलं नाही, की नकोच वाटलं, कोण जाणे. अनू दप्तराचा एक पट्टा लोंबवत आली, डोक्याचा फुलांचा चाप निसटून कानाशी आलेला, आणि पायरीच्या खालीच थांबली. तिची नजर खोक्यावर गेली. तिला सगळं ठाऊक होतं — सांगावंच लागलं होतं, कारण सुईचं टोपण काढायला सारिकाच्या बोटांना जमत नसे. एका गुरुवाराआड, शाळा सुटल्यावर, अनू टोपण काढायची, ठिपका बघायची, "पांढरा!" म्हणायची, आणि मग आई ओठांवर बोट ठेवायची. बाबांना सांगायचं न्हाई हं. बाबा काळजी करत्यात. अनू तेव्हा दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरायची, खेळ असल्यासारखी, डोळे हसरे.

आता ते हसरे नव्हते.

"निळा झाला," ती म्हणाली.

"असू दे बाळा. डॉक्टर नवीन देनार हायेत. ये, चाप लावते."

अनू आली नाही. चपलेच्या टोकाने माती उकरत राहिली. मग मातीकडेच बघत, एका दमात, "सोमवारी बाबांनी मला उचललं हुतं. त्या पेटीपाशी. म्हनले, आज मेन तू पाड, कारभारीन हायेस तू बंगल्याची. मला म्हाईत हुतं आत तुझं औषध हाय. म्या हात लावला, मंग काडला. बाबा म्हनले, भेतीस का? पाड." तिने नाक ओढलं. "तू म्हनली हुतीस बाबांना सांगायचं न्हाई. म्हनून म्या पाडलं."

सारिकाच्या मानेपासून खाली काहीतरी सर्रकन गेलं, आणि या वेळी तिला पाइप आठवला नाही, आकडा आठवला नाही. आठवले ते फक्त तोंडावर दाबून धरलेले दोन लहान हात, आणि मंगळवारपासून गुरुवारपर्यंतच्या तीन सकाळी, ज्यांत याच हातांनी तिचं एकेक बोट उघडलं होतं, स्टेशनांची नावं घेत, मधेच एखादं विसरत — आणि तिने विचारलंसुद्धा नव्हतं, आज विसरतेस का गं. एवढ्याशा अंगात चार दिवस ते राहिलं होतं. कुणी शिकवलं तिला हे? मी. किती मायेने शिकवलं...

तिने हात पुढे केला. अनूने तो धरला नाही. पहिल्यांदाच वर बघितलं, सरळ, आईच्या डोळ्यांत. रडत नव्हती, खरंच विचारत होती.

"आई, म्या बाबांना सांगायला पायजे हुतं का?"